एनपीएम इन्स्टॉल किंवा लॉगिन होत नाही? अडचण नेमकी कुठे आहे हे कसे ओळखावे

वेब डेव्हलपमेंट शिकायला सुरुवात केली की पहिली अडचण बऱ्याचदा कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच येते. ‘एनपीएम इन्स्टॉल’ लिहून एंटर दाबले की पडद्यावर लाल अक्षरांची रांग उभी राहते, किंवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कोणी कॉलेजच्या लॅबमध्ये शिकतो, कोणी क्लासच्या जुन्या डेस्कटॉपवर, कोणी ऑफिसच्या लॅपटॉपवर घरून काम करतो, तर कोणी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. कमांड एकच असली तरी ती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कारणाने अडते. म्हणूनच मित्राला लागू पडलेला उपाय आपल्याला लागू पडेलच असे नाही.

अडचण चार जागांपैकी एका जागी असते: संगणक, नेटवर्क, पॅकेजेसचा आपसांतला मेळ किंवा खाते. आधी जागा ठरवली की उपाय सहसा छोटा असतो. जागा न ठरवता इंटरनेटवरची पहिली कमांड चिकटवली, तर वेळ जातोच, पण कधी कधी संगणकाचे संरक्षणही आपल्याच हाताने बंद होते.

(या लेखातील कमांड आणि एररची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये कमांड टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या.)

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय?

वेबसाइट बनवताना प्रत्येक गोष्ट स्वतः लिहावी लागत नाही. तारीख दाखवणे, फॉर्म तपासणे, रंगीत बटणे करणे अशा कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेला कोड तयार मिळतो. त्याला पॅकेज म्हणतात. हवे ते पॅकेज शोधून, त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेससह आपल्या प्रोजेक्टमध्ये आणून ठेवणारे साधन म्हणजे पॅकेज मॅनेजर.

जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएम हे सर्वांत परिचित साधन आहे. ते २०१० मध्ये आले आणि नोड डॉट जेएससोबत आपोआप बसते. २०२० मध्ये गिटहबने एनपीएम विकत घेतले. गिटहब स्वतः मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. यार्न आणि पीएनपीएम ही त्याच कामाची दुसरी साधने. तिन्हींसाठी पॅकेजेस मुख्यतः एकाच कोठारातून येतात. त्या कोठाराला रजिस्ट्री म्हणतात.

हे कोठार किती महत्त्वाचे आहे ते मार्च २०१६ मध्ये जगाला कळले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका नावाच्या वादातून काढून घेतले आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रोजेक्ट अडकले. त्यांतल्या अनेकांना आपण ते पॅकेज वापरतो हेसुद्धा माहीत नव्हते.

आधी या पाच गोष्टी तपासा

१. ‘नोड -व्ही’ आणि ‘एनपीएम -व्ही’ या कमांड देऊन आवृत्तीचा आकडा येतो का पाहा. आकडा आला तर दोन्ही साधने बसलेली आहेत.
२. टर्मिनल योग्य फोल्डरमध्ये उघडले आहे का पाहा. त्या फोल्डरमध्ये ‘पॅकेज डॉट जेसन’ ही फाइल दिसायला हवी.
३. संगणकाची तारीख आणि वेळ बरोबर आहे का पाहा.
४. ‘एनपीएम पिंग’ ही कमांड द्या. उत्तर आले तर रजिस्ट्रीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे.
५. एररमधील ‘कोड’ या शब्दापुढचे नाव वाचा. खालची लांबलचक ओळ बहुतेक वेळा कमी कामाची असते, हे एक नाव जास्त सांगते.

‘एनपीएम डॉक्टर’ ही कमांड यांपैकी काही तपासण्या एकदम करून देते.

संगणकातली अडचण

‘एनपीएम ही कमांड ओळखता येत नाही’ असा संदेश आला, तर नोड बसलेले नाही किंवा विंडोजला त्याचा पत्ता माहीत नाही. नोड नुकतेच बसवले असेल तर टर्मिनल आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवा पत्ता कळत नाही. नोड डाउनलोड करताना ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती घ्या. अगदी नव्या आवृत्तीसाठी काही पॅकेजेस तयार नसतात. मग ती संगणकावरच बांधायला घेतली जातात आणि पायथन, सी प्लस प्लस यांच्या नावाने नवी एरर येते.

पॉवरशेलमध्ये ‘स्क्रिप्ट चालवणे बंद आहे’ असा संदेश आला, तर एनपीएम बिघडलेले नसते. विंडोजची सुरक्षा-सेटिंग तिथे आडवी येते. सोपा मार्ग म्हणजे पॉवरशेलऐवजी साधे कमांड प्रॉम्प्ट वापरणे. सेटिंग बदलायचीच असेल, तर ती फक्त आपल्या यूजरपुरती ‘रिमोट-साइन्ड’ ठेवावी, ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करू नये.

‘ई-नो-एन्ट’ म्हणजे फाइल सापडली नाही. याचे सर्वांत नेहमीचे कारण साधे असते. क्लासमध्ये मिळालेली झिप फाइल उघडली की एका फोल्डरात त्याच नावाचे दुसरे फोल्डर तयार होते आणि टर्मिनल बाहेरच्या फोल्डरात उघडले जाते. एक पायरी आत गेले की काम होते.

‘ई-पर्म’ ही एरर विंडोजवर बहुधा फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवल्यामुळे येते. चालू असलेला सर्व्हर, व्हीएस कोड किंवा अँटिव्हायरस त्या फाइलवर बसलेला असतो. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर आणि डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल, तर वनड्राइव्ह ‘नोड मॉड्यूल्स’मधल्या हजारो फाइल वर चढवत बसते. प्रोजेक्ट वनड्राइव्हबाहेरच्या साध्या फोल्डरात हलवणे हा यावरचा टिकाऊ उपाय आहे.

‘ई-ॲक्सेस’ ही एरर लिनक्स आणि मॅकवर दिसते. ज्या जागी लिहायची परवानगी नाही तिथे एनपीएम लिहू पाहते. इथे ‘सुडो’ लावायचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच टाळायचा असतो. अनेक पॅकेजेस बसताना आपल्या स्वतःच्या स्क्रिप्ट चालवतात. सुडो वापरले तर त्या अनोळखी स्क्रिप्टना संगणकाच्या मालकाचे अधिकार मिळू शकतात. त्याऐवजी ‘एनव्हीएम’ या साधनाने नोड आपल्या यूजरच्या फोल्डरात बसवावे. मग परवानगीचा प्रश्नच येत नाही. ज्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड विद्यार्थ्यांना मिळत नाही, तिथेही ही पद्धत चालू शकते.

नेटवर्कची अडचण

‘ई-टाइम्ड-आउट’, ‘ई-कॉन-रिसेट’ आणि ‘ई-नॉट-फाउंड’ ही नावे दिसली तर संगणक सोडून नेटवर्ककडे पाहा. पहिल्यात उत्तर वेळेत आले नाही, दुसऱ्यात जोडणी मध्येच तुटली, तिसऱ्यात पत्ताच सापडला नाही.

मोबाइल हॉटस्पॉट. धावत्या लोकलमध्ये फोन सतत टॉवर बदलतो. वेबसाइट उघडताना ते जाणवत नाही, पण एनपीएम एका वेळी शेकडो लहान फाइल मागवत असते आणि त्यांतली एखादी अडकते. नवा प्रोजेक्ट घरच्या वायफायवर एकदा बसवून घ्यावा. आणलेली पॅकेजेस कॅशमध्ये राहतात. पुढच्या वेळी ‘एनपीएम इन्स्टॉल --प्रिफर-ऑफलाइन’ लिहिले, तर आधी तीच वापरली जातात.

सार्वजनिक वायफाय. रेल्वे स्थानकांवरच्या रेलवायरसारख्या वायफायला जोडल्यावर आधी ब्राउझरमध्ये मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागतो. तोपर्यंत ‘कनेक्टेड’ दिसले तरी इंटरनेट सुरू नसते. एनपीएम पॅकेज मागते आणि तिला वायफायचे लॉगिन पान मिळते. आधी ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडून खात्री करावी.

ऑफिसचा लॅपटॉप घरी. वागळे इस्टेट किंवा ऐरोलीच्या ऑफिसात चालणारा प्रोजेक्ट डोंबिवलीच्या घरी अडतो, तेव्हा दोष घरच्या इंटरनेटचा असेलच असे नाही. अनेक कंपन्या स्वतःची अंतर्गत रजिस्ट्री ठेवतात आणि ती व्हीपीएन चालू असतानाच दिसते. ‘एनपीएम कॉन्फिग गेट रजिस्ट्री’ ही कमांड दिल्यावर कोणता पत्ता येतो ते पाहा. सार्वजनिक पत्ता ‘रजिस्ट्री डॉट एनपीएमजेएस डॉट ऑर्ग’ असा असतो. दुसरे काही दिसले तर व्हीपीएन सुरू करा. हा अंतर्गत पत्ता ‘पॅकेज-लॉक डॉट जेसन’ या फाइलमध्येही नोंदलेला असू शकतो, त्यामुळे तोच प्रोजेक्ट स्वतःच्या लॅपटॉपवर नेला तरी अडचण सोबत येते.

प्रमाणपत्राची एरर. ‘सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट’ असा संदेश आला, तर कॉलेज किंवा कंपनीचे नेटवर्क मध्ये बसून जोडणी तपासत असते. ‘स्ट्रिक्ट-एसएसएल’ बंद करा, हा सल्ला यावर लगेच मिळतो. त्याने एरर जाते, पण समोरची रजिस्ट्री खरी आहे की नाही हे तपासणेही बंद होते. योग्य मार्ग म्हणजे संस्थेच्या आयटी विभागाकडून त्यांचे मूळ प्रमाणपत्र घेऊन एनपीएमच्या ‘सीए-फाइल’ या सेटिंगमध्ये देणे.

‘प्रमाणपत्राची मुदत सुरूच झालेली नाही’ असा विचित्र संदेश आला तर घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला असेल, तर वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. तारीख दुरुस्त केली की एरर जाते. सेल बदलला नाही तर वीज गेल्यावर ती परत येते.

पॅकेजेसचा मेळ बसत नाही

‘ई-रिझॉल्व्ह’ म्हणजे दोन पॅकेजेस एकाच तिसऱ्या पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागत आहेत. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ही तपासणी कडक झाली. त्याआधी असे मतभेद बहुधा फक्त सूचना देऊन सोडले जात.

नवशिक्यांना ही एरर जुन्या व्हिडिओमुळे भेटते. व्हिडिओ तीन-चार वर्षांपूर्वीचा, कमांड तेव्हाची आणि येणारी पॅकेजेस आजची. ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्टची १९वी आवृत्ती आली आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रिॲक्टच्या चमूने नव्या ॲपसाठी हे साधन वापरू नका असे जाहीर केले. जुने धडे मात्र तसेच आहेत. अशा वेळी एररशी झगडण्यापेक्षा ‘व्हीट’ हे आजचे साधन घ्यावे. त्याचे स्पेलिंग व्ही-आय-टी-ई असे आहे.

जुना प्रोजेक्ट चालवणे भागच असेल, तर ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ हा पर्याय एनपीएमला आधीच्या सैल पद्धतीवर नेतो. ही तात्पुरती सोय आहे. प्रोजेक्ट बसला तरी दोन पॅकेजेस एकत्र नीट चालतील याची हमी त्यात नाही.

‘ई-इंटेग्रिटी’ ही एरर मात्र थांबून वाचावी. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा डिजिटल ठसा नोंदलेला असतो आणि आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळत नाही, असा तिचा अर्थ आहे. बहुतेक वेळा अर्धवट डाउनलोड हे कारण असते आणि ‘एनपीएम कॅश व्हेरिफाय’ने काम होते. तरीही एरर येत राहिली, तर लॉक फाइल डिलीट करून मोकळे होऊ नये. प्रोजेक्ट ज्याचा आहे त्याला विचारावे, कारण फाइलमध्ये फेरफार झाल्याचीही ती खूण असू शकते.

लॉगिनची अडचण

पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक पॅकेज बसवण्यासाठी लॉगिन लागतच नाही. रिॲक्ट किंवा एक्स्प्रेस बसवताना कोणी एनपीएमचा पासवर्ड मागत असेल, तर काहीतरी गडबड आहे. लॉगिन लागते ते स्वतःचे पॅकेज प्रसिद्ध करण्यासाठी किंवा खासगी पॅकेज घेण्यासाठी.

‘एनपीएम लॉगिन’ दिल्यावर ब्राउझर उघडतो, तिथे खात्री पटली की टर्मिनलला एक टोकन मिळते. ते ‘डॉट एनपीएमआरसी’ नावाच्या फाइलमध्ये साठवले जाते. ब्राउझर उघडला नाही तर टर्मिनलमध्ये दिसणारा पत्ता हाताने उघडावा. ‘एनपीएम हू-ॲम-आय’ या कमांडने आपण कोणत्या नावाने आत आहोत ते कळते. पुढच्या खुणा अशा वाचाव्यात:

- ई-४०१: ओळख पटली नाही. टोकन संपले आहे किंवा चुकीचे आहे. पुन्हा लॉगिन करा.
- ई-४०२: पैसे मागितले जात आहेत असे वाटते, पण ‘@’ने सुरू होणारे पॅकेज पहिल्यांदा प्रसिद्ध करताना ते खासगी धरले जाते म्हणून ही एरर येते. ‘--ॲक्सेस पब्लिक’ जोडावे.
- ई-४०३: ओळख पटली, पण परवानगी नाही. बऱ्याचदा पॅकेजचे नाव आधीच कोणाचे तरी असते, किंवा तोच आवृत्ती-क्रमांक आधी प्रसिद्ध झालेला असतो.
- ई-४०४: पॅकेज सापडले नाही. नावात चूक असू शकते. पण पॅकेज खासगी असेल आणि लॉगिन नसेल, तरीही हाच आकडा येतो. असे पॅकेज आहे हेही रजिस्ट्री परक्याला सांगत नाही.
- ई-ओटीपी: दुहेरी पडताळणीचा कोड हवा आहे. कोड बरोबर असूनही चालत नसेल तर फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. हे कोड वेळेवरून तयार होतात.

गर्दीच्या लोकलमध्ये फोन हरवला की त्यातले पडताळणीचे ॲपही जाते. दुहेरी पडताळणी सुरू करताना मिळणारे रिकव्हरी कोड तेव्हा उपयोगी पडतात. ते कागदावर लिहून घरी ठेवावेत. फोनमध्येच स्क्रीनशॉट काढून ठेवला तर तो फोनसोबतच जातो.

‘काल लॉगिन होते, आज का नाही?’

कारण नियम बदलले. ८ सप्टेंबर २०२५ रोजी एका अनुभवी डेव्हलपरला एनपीएमच्या नावाने ईमेल आला. दुहेरी पडताळणी नव्याने करा, नाहीतर खाते बंद होईल, असा त्याचा सूर होता. पत्ता खऱ्यासारखा दिसत होता, पण शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट हेल्प’ होते. त्याने माहिती भरली आणि ‘चॉक’, ‘डीबग’ यांसह १८ पॅकेजेसमध्ये चोरांनी आपला कोड घातला. या पॅकेजेसची आठवड्याची डाउनलोड दोनशे कोटींहून जास्त होती. तो कोड क्रिप्टो व्यवहारातला पत्ता गुपचूप बदलत असे. सुमारे दोन तासांत तो उघडकीस आला.

त्याच महिन्यात ‘शाय-हुलूद’ नावाचा वर्म पसरला. तो डेव्हलपरच्या संगणकावरची टोकन चोरून त्याच टोकनने त्याच्या इतर पॅकेजेसमध्ये शिरत असे. गिटहबला पाचशेहून अधिक पॅकेजेस काढावी लागली. नोव्हेंबरमध्ये त्याची दुसरी लाट आली.

यानंतर गिटहबने नियम कडक केले. जुनी, कधीही न संपणारी ‘क्लासिक’ टोकन ९ डिसेंबर २०२५ रोजी रद्द झाली. ‘एनपीएम लॉगिन’ने मिळणारे सत्र आता दोन तासांचे असते. पॅकेज प्रसिद्ध करण्याचे टोकन जास्तीत जास्त ९० दिवस चालते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉगिन मागितले गेले तर तो बिघाड नाही, आणि जुन्या धड्यातले क्लासिक टोकन बनवण्याचे पान सापडले नाही तर ते शोधत बसू नये.

पडताळणीसाठी पासकी वापरण्यावरही आता भर आहे. पासकी खऱ्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. बनावट पानावर ती चालतच नाही, मग पान कितीही हुबेहूब असो.

पॅकेजचे नावही नीट वाचा

२०१७ मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली छोटी आडवी रेघ काढून कोणीतरी ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचे पॅकेज टाकले होते. ते संगणकातल्या गुप्त सेटिंग्ज चोरत असे. आता त्यात एआयची भर पडली आहे. चॅटबॉट कधी कधी अस्तित्वात नसलेले नाव सुचवतो आणि तेच नाव कोणी आधीच घेऊन ठेवलेले असू शकते. बसवण्याआधी एनपीएमच्या वेबसाइटवर ते पॅकेज उघडून त्याचा लेखक, डाउनलोड आणि शेवटची तारीख पाहायला एक मिनिट लागते.

आलेल्या प्रोजेक्टवर काम करताना ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावे. ती लॉक फाइलमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या आणते.

ग्रुपवर मदत मागताना

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर पडद्याचा तिरका फोटो टाकण्याऐवजी एररचा मजकूर कॉपी करून टाकावा. सोबत नोड आणि एनपीएमची आवृत्ती, कोणती कमांड दिली आणि कोणत्या नेटवर्कवर आहात एवढे लिहिले, तर उत्तर लवकर मिळते.

‘डॉट एनपीएमआरसी’ फाइल कधीही शेअर करू नये. इंग्रजीत ‘एनपीएम’ आणि अंडरस्कोरने सुरू होणारी लांब अक्षरमाला म्हणजे टोकन, म्हणजेच खात्याची किल्ली. चुकून ती ग्रुपवर गेली तर मेसेज डिलीट करून भागत नाही. एनपीएमच्या वेबसाइटवर जाऊन ते टोकन रद्द करावे, नंतर पासवर्ड बदलावा आणि आपल्या नावावर नको असलेली आवृत्ती प्रसिद्ध झालेली नाही ना हे पाहावे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हे तिन्ही भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात.

नेहमीचे प्रश्न

‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर डिलीट केले तर चालते का?
चालते. ते लॉक फाइलवरून पुन्हा तयार होते. लॉक फाइल मात्र ठेवावी.

पिवळ्या रंगात ‘वॉर्न’ येते, ती एरर आहे का?
नाही. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे पॅकेज जुने झाले आहे. इन्स्टॉल पूर्ण झालेले असू शकते.

‘--फोर्स’ लावले तर काय होते?
एनपीएमच्या काही सुरक्षा-तपासण्या बाजूला ठेवल्या जातात. कोणती तपासणी अडवत आहे हे कळल्याशिवाय हा पर्याय लावू नये.

क्लासमध्ये दहा जणांचे चालते, एकाचेच नाही. मग?
दहांपैकी एकाची नोड आवृत्ती, रजिस्ट्रीचा पत्ता आणि संगणकाची तारीख आपल्याशी ताडून पाहावी. यांतच बहुधा फरक सापडतो.